जुन्या घराचं अर्थिंग : खड्ड्याच्या आधी तार बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातलं १९७८ सालचं बैठं घर, वडिलांनी बांधलेलं. वायरिंग बरंचसं तेव्हाचंच, मध्ये मध्ये वाढवलेलं. गेल्या पावसाळ्यापासून फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात, आणि गिझर चालू असताना बाथरूमच्या नळाला आईला झटका बसला. एक वायरमन म्हणतो, अर्थिंगचा नवीन खड्डा घ्या, तांब्याची प्लेट टाका. दुसरा म्हणतो, एवढा खर्च कशाला, बोर्डातच न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवरून, अर्थच्या पिनला लूप मारून देतो. तिसऱ्याने टेस्टर लावून अर्थिंग ठीक असल्याचं सांगितलं. यातलं कोणाचं ऐकायचं?

आधी तातडीचं. गिझरचा एमसीबी (डब्यातला, करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) आत्ताच खाली पाडा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी गॅसवर तापवा. ‘गिझर बंद करून मगच आंघोळीला जायचं’ हा उपाय पुरेसा मानू नका. जुन्या घरात पुष्कळदा स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो. मग बटण बंद असलं तरी गिझरच्या कॉइलपर्यंत फेज (करंट आणणारी तार) पोचलेलीच असते. ओलं शरीर, ओली फरशी आणि लोखंडी नळ, यापेक्षा वाईट जागा घरात दुसरी नाही. कोरड्या हाताने फ्रिजला जाणवणाऱ्या मुंग्या आणि ओल्या हाताने नळाला बसणारा झटका कदाचित एकाच दोषातून येत असतील, पण माणूस दुसऱ्याने मरतो. ओल्या शरीराचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागलं तर २३० मिलिअँपिअर होतात. छातीतून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट काही क्षण गेला तरी हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

आता तिघांपैकी दुसऱ्याचा सल्ला. तो कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नका. न्यूट्रल आणि अर्थ बोर्डात जोडले की फ्रिजच्या मुंग्या लगेच थांबतात, टेस्टर पेटत नाही आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण तुमच्या घराला न्यूट्रल येतो तो खांबावरून, एका जॉइंटमधून. वाऱ्यात, पावसात, माकडाच्या उडीने तो जॉइंट सुटतो, आणि असं दर वर्षी कुठे ना कुठे होतंच. न्यूट्रल सुटला की घरातल्या चालू दिव्या-पंख्यांतून गेलेली फेज परत जायला वाट शोधते आणि त्या लूपमधून थेट फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, मिक्सर यांच्या बॉडीवर येते. एकाच वेळी सगळ्या बॉडींवर २३० व्होल्ट, आणि एकही फ्यूज उडत नाही, कारण ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झालेलंच नसतं. घरातले दिवे गेलेले असतात, त्यामुळे लाईट गेली असंच सगळ्यांना वाटतं. अशा वेळी कोणी फ्रिज उघडायला जातं. आधीच्या कोणी तुमच्या घरात असा लूप मारून ठेवला असेल तर तो शोधून काढणं हे पहिलं काम.

याचीच उलट बाजू गावाकडे फार दिसते. न्यूट्रल गेला की लोक अर्थिंगच्या तारेवर दिवे, टीव्ही, कधीकधी मोटारही चालवतात. त्या वेळी घरातला सगळा करंट खड्ड्यात उतरतो, खड्ड्याभोवतीची जमीन आणि त्या तारेला जोडलेली प्रत्येक वस्तू ताणाखाली येते. गोठा जवळ असेल तर जनावराला आधी झटका बसतो, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं. तुमच्याकडे असं होत नसेलही, पण शेजारी चालत नाही ना, याची चौकशी करा.

पहिल्या वायरमनचं म्हणणं अर्धवट बरोबर आहे. खड्डा लागेल, पण तो सर्वांत शेवटी. अर्थिंगचे तीन भाग असतात : वस्तूच्या बॉडीपासून सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत, सॉकेटपासून डीबीपर्यंत (एमसीबी किंवा फ्यूज बसवलेली घरातली मुख्य पेटी), आणि डीबीपासून जमिनीपर्यंत. जुन्या घरांत मला दोष सापडतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन भागांत. हजारो रुपयांची तांब्याची प्लेट पुरलेली असते आणि फ्रिजच्या सॉकेटमध्ये अर्थची तार जोडलेलीच नसते.

म्हणून तपासणीची सुरुवात डोळ्यांनी करा. मेन स्विच बंद करून फ्रिजचा प्लग काढून बघा. तिसरी, जाड पिन शाबूत आहे का? मध्ये थ्री-पिनचं टू-पिन करणारा अ‍ॅडॉप्टर आहे का? एक्स्टेंशन बोर्ड असेल तर त्याच्या केबलमध्ये तीन तारा आहेत की दोनच? बाजारातल्या स्वस्त बोर्डांत सॉकेट थ्री-पिनचं आणि केबल दोन तारांची, हे सर्रास चालतं. ती तिसरी पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी जोडला जातो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो. ती कापून प्लग दोन भोकांत बसवणं म्हणजे कंपनीने दिलेलं संरक्षण पक्कडीने काढून टाकणं.

मग सॉकेटची प्लेट उघडा, किंवा वायरमनकडून समोर उभं राहून उघडून घ्या. १९७८ च्या घरात दिव्यांच्या पॉइंटना बहुधा दोनच तारा असतील, लाल आणि काळी. १५ अँपिअरच्या पॉवर पॉइंटना हिरवी किंवा उघडी तार असण्याची शक्यता आहे. ती तार असली तरी पुढे कुठे जाते ते बघायला हवं. पट्टी वायरिंगमध्ये उघडी तार लाकडी पट्टीवरून गेलेली दिसते आणि मध्येच कुठेतरी रंगाखाली, खिळ्याजवळ तुटलेली असते. भिंतीत लोखंडी पाइप टाकून केलेल्या वायरिंगमध्ये त्या काळी पाइपलाच अर्थ मानायची पद्धत होती. पाइपांचे जॉइंट आता गंजले आहेत, त्यामुळे ती वाट भरवशाची राहिलेली नाही.

तुमच्या घरात एक गोष्ट मी नक्की तपासेन. त्या काळच्या कित्येक घरांत अर्थची तार बाथरूममधल्या किंवा मोरीतल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) नळाला क्लॅम्पने बांधलेली असते. तेव्हा नळाची लाईन रस्त्यापर्यंत लोखंडी होती आणि जमिनीत लांबवर गेलेली होती, म्हणून ते चालून गेलं. पुढे कुठल्यातरी दुरुस्तीत बाहेरचा पाइप प्लास्टिकचा झाला. लोखंडी तुकडा फक्त भिंतीत उरला, आणि घरभरचा लीकेज (गळणारा करंट) त्या तुकड्यावर, म्हणजे आईच्या हातातल्या नळावर, येऊन थांबला. गिझर चालू असताना झटका बसतो म्हणून सगळे गिझरला दोष देतात. तुमच्याकडे गिझरचीच कॉइल फुटली असण्याची शक्यताही तेवढीच आहे. दोन्हींतला फरक कळायला सोपं आहे : गिझरचा प्लगच काढून ठेवा आणि बाकीचं घर चालू ठेवून वायरमनला मीटरने नळ आणि डीबीतला न्यूट्रल यांच्यातलं व्होल्टेज मोजायला लावा. तरीही भरपूर व्होल्ट दिसले तर लीकेज दुसरीकडून येतोय. हाताने नळ तपासू नका, आणि ते मोजेपर्यंत कोणी बाथरूममध्ये जाऊ नये.

टेस्टरबद्दल, कारण तिसरा वायरमन त्यावर विसंबला. टेस्टरमधला निऑन दिवा अगदी सूक्ष्म करंटवर पेटतो. ‘इथे काहीतरी व्होल्टेज आहे’ एवढंच तो सांगतो. अर्थच्या भोकात टेस्टर पेटला नाही म्हणजे अर्थिंग चांगलं, असा अर्थ निघत नाही. तार मध्येच तुटलेली असली आणि त्या वेळी काही लीकेज नसला तरी तो पेटणार नाही. यापेक्षा बरा मानला जाणारा प्रकार म्हणजे टेस्ट लॅम्प. होल्डरच्या दोन तारा फेजला आणि अर्थला लावायच्या, आणि बल्ब झगझगीत पेटला की अर्थिंग पक्कं म्हणायचं. यातही फसगत आहे. १०० वॉटच्या बल्बचा पेटता रोध सुमारे ५३० ओहम असतो. तुमच्या अर्थचा रोध १०० ओहम, म्हणजे चांगलाच वाईट असला, तरी बल्बला १९० च्या वर व्होल्ट मिळतात. तो नेहमीपेक्षा जरा पिवळा पेटेल, एवढंच. त्यात ही चाचणी करताना अर्थच्या तारेवर ताण येतो आणि घरात त्याच वेळी कोणी फ्रिजला हात लावून उभं असेल तर त्याला तो जाणवतो. घरच्यांनी ही चाचणी करू नये.

मल्टिमीटर मात्र खरं सांगतो, वाचता आला तर. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मापं घ्यायची. निरोगी घरात पहिली दोन जवळजवळ सारखी, २३० च्या आसपास येतात आणि तिसरं दोन-चार व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये ६०, ९०, ११० असे आकडे आले तर अर्थ हवेत तरंगतोय, म्हणजे तार कुठेतरी तुटलेली आहे. टीव्ही, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन यांच्या आत गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थ तुटला की त्यांच्यामुळे बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज, ११०-११५, येऊन बसतं. एकाच बोर्डावरून अर्थ गुंफलेला असेल तर टीव्हीचं हे व्होल्टेज फ्रिजच्या दारापर्यंत पोचतं. तुमच्या फ्रिजच्या मुंग्यांचं कारण हेही असू शकतं, फ्रिज स्वतः धडधाकट असूनही. उलट, घरात दोन-तीन किलोवॉटचा लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी शून्य येत असेल तर खूश होऊ नका. लोड असताना न्यूट्रलवर थोडा ड्रॉप यायलाच हवा. शून्य येतंय म्हणजे जवळपास कोणीतरी वर सांगितलेला लूप मारून ठेवलाय. मीटर ७५० व्होल्ट एसीच्या रेंजवर ठेवा, प्रोबच्या तारा तडकलेल्या नसाव्यात, आणि हाताला सवय नसेल तर हे काम वायरमनलाच करू द्या. तुम्ही फक्त आकडे लिहून घ्या.

आणखी एक खूण तुमच्या दारातच आहे. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर ‘अर्थ’ किंवा ‘ई-एल’ असा छोटा लाल दिवा असतो. फेजमधून गेलेला करंट सगळाच्या सगळा न्यूट्रलने परत येत नसेल तर तो लागतो. तो कायम लागलेला दिसला तर एक तर लीकेज आहे किंवा न्यूट्रल दुसऱ्या मीटरच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय. दुसरा प्रकार जुन्या घरांत भावाभावांत वाटणी झाल्यावर हमखास होतो. मीटर दोन होतात, वायरिंग तेच राहतं आणि माजघरातल्या एखाद्या पॉइंटचा न्यूट्रल चुलत्यांच्या बाजूने येत असतो. हे आत्ताच शोधून ठेवा, कारण पुढे आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवताना तेच सर्वांत जास्त छळतं.

डीबीपासून खड्ड्यापर्यंतचा भाग मेन बंद करून बघा. जुना खड्डा बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या फरशीखाली, तुळशीवृंदावनामागे किंवा गाडीच्या शेडखाली गेलेला असतो. भिंतीवरून उतरणारी आठ नंबरची जीआय तार शोधा आणि जमिनीत शिरते तिथली माती चार बोटं उकरा. तार गंजते ती नेमकी या जागी, जिथे माती आणि हवा मिळतात. वरून धड दिसणारी तार हलकेच ओढल्यावर हातात आलेली मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. तुमच्याकडे तसं निघालं तर निम्मं कोडं तिथेच सुटलं.

खड्ड्याचा रोध मोजायचा तर अर्थ टेस्टर लागतो आणि दोन खुंट्या. खड्ड्याची तार घरापासून सोडवायची (तेवढा वेळ मेन बंदच), एक खुंटी लांब ठोकायची आणि दुसरी त्याच रेषेत साधारण ६२ टक्के अंतरावर. मग मधली खुंटी थोडी पुढे-मागे सरकवून आकडा तोच राहतो का ते बघायचं. बदलत असेल तर अंतर वाढवायचं. ठेकेदार क्लॅम्प मीटर घेऊन आला आणि तार वेढ्यात धरून अर्ध्या मिनिटात ‘०.८ ओहम’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका. एकट्या खड्ड्यावर तो मीटर खरं माप देऊच शकत नाही. त्याला जमिनीतून परत येणारी दुसरी वाट लागते. घरातल्याच तारांचा बंद फेरा झाला असेल तर तो मोजतो त्या तारांचा रोध, मातीचा नव्हे.

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि ती आकड्यांतच सांगायला हवी. ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, म्हणजे आयएस ३०४३ या भारतीय मानकात असतो तसा, ५० ओहम-मीटर रोधकतेच्या बऱ्यापैकी मातीत पुरला तर हिशेबाने त्याचा रोध येतो १७-१८ ओहम. एक ओहम कुठेच नाही. आता समजा गिझरच्या कॉइलमधून फेज पूर्णपणे बॉडीवर आली. २३० भागिले १८, म्हणजे जेमतेम १३ अँपिअर जमिनीत जातील. गिझरचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा. तो हलणारसुद्धा नाही. सी प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीला तत्क्षणी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात, आणि त्यासाठी सगळ्या वाटेचा रोध दीड ओहमच्या आत हवा. साध्या खड्ड्यातून ते मिळत नाही. म्हणजे दोष तसाच राहतो, बॉडीवर जीवघेणं व्होल्टेज टिकून राहतं, आणि जमिनीत पावणेतीन-तीन किलोवॉट मुरत राहतात. दिवसाला ७० युनिट. अचानक फुगलेल्या बिलामागे कधीकधी हेच निघतं.

म्हणून नुसत्या खड्ड्याने घर सुरक्षित होत नाही, तो कितीही मीठ-कोळसा घालून भरला तरी. खड्डा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही मिळून सुरक्षित होतं. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की आरसीसीबी ०.३ सेकंदाच्या आत पडायलाच हवा. फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. त्याला पाडायला १३ अँपिअर तर सोडाच, अर्धा अँपिअरही खूप होतो, त्यामुळे १८ ओहमचा खड्डाही त्याला पुरून उरतो. अर्थिंग चांगलं असेल तर बॉडीवर फेज आल्याक्षणी, कोणी हात लावण्याआधीच, तो पडतो. अर्थिंग नसेल तर माणसाच्या शरीरातून करंट जायला लागल्यावर पडतो. झटका बसतोच, पण बहुधा जीव वाचतो. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी आरसीसीबी बसवा, खड्डा पुढच्या महिन्यात घ्या. विदर्भात दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरने, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या तारेने माणसं जातात, त्यातल्या बऱ्याच घरांत मीटरनंतर फक्त किटकॅट फ्यूज असतो. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं, कारण ही वस्तू तालुक्याच्या दुकानात मिळते.

आरसीसीबी घेताना आयएस १२६४० चा शिक्का बघा. इन्व्हर्टर एसी किंवा नवं वॉशिंग मशीन असेल तर ‘ए’ टाइपचा घ्या, कारण अशा यंत्रांच्या लीकेजमध्ये डीसीचा अंश असतो आणि साधा ‘एसी’ टाइप त्याला नीट ओळखत नाही. आरसीसीबी ओव्हरलोडपासून वाचवत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळे हवेतच. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याला फरक दिसत नाही, तो पडणार नाही. त्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबायचं. ते दाबल्यावर पडला म्हणजे आरसीसीबी चालू आहे. अर्थिंग आहे की नाही हे त्या बटणाने कळत नाही, ते आतल्या आत फेज-न्यूट्रलवर चालतं.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो वारंवार पडतो, वायरमन कंटाळतो आणि आठवड्याभरात काढून टाकतो. असं होऊ देऊ नका. पडण्याचं कारण नेहमी शोधता येतं. पहिलं कारण, मिसळलेला न्यूट्रल : एका सर्किटची फेज आरसीसीबीतून आणि न्यूट्रल बाहेरून, किंवा वाटणीतला शेजारचा न्यूट्रल. दुसरं, इन्व्हर्टर : घरगुती इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल वायरमनने सोयीसाठी एकत्र केलेले असतात. इन्व्हर्टरचा इनपुट आरसीसीबीच्या कोणत्या बाजूने घेतलाय आणि त्याच्या लोडचा न्यूट्रल त्याच बाजूला परत येतोय का, हे कागदावर काढून तपासायचं. तिसरं कारण खरा लीकेज. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (तारांवरच्या आवरणाचा रोध मोजणारा मीटर) लावायचा : सगळे प्लग काढून, दिवे काढून, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजायचं. एक मेगओहमच्या वर यायला हवं. सगळ्या घरावर एकच आरसीसीबी टाकण्यापेक्षा बाथरूम-स्वयंपाकघराला एक आणि बाकीच्याला एक असे दोन केले तर दोष शोधणंही सोपं जातं आणि रात्री सगळं घर अंधारात जात नाही.

मेगरचा आकडा फारच खाली आला, तारांवरचं रबर हाताने चुरगळून पडत असेल, किंवा तारा त्या दशकातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असून तांब्याशी पिळून जोडलेल्या असतील, तर अर्थ वाढवण्यात पैसे घालू नका. पूर्ण वायरिंग बदला. तारा ठीक असतील तर फक्त हिरवी तार वाढवता येते. पाइपात जागा असेल तर ओढून, नसेल तर भिंतीवरून केसिंग-कॅपिंगने (झाकणाच्या प्लास्टिक पट्टीतून). ती दिसते, पण सुरक्षित असते आणि भिंत फोडावी लागत नाही. क्रम असा ठेवा : बाथरूमचा गिझर, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर-ओव्हनचा ओटा. मग बाकीचे. प्रत्येक सर्किटची अर्थ तार डीबीतल्या अर्थ बारवर स्वतंत्र स्क्रूखाली आली पाहिजे. १६ चौरस मिलिमीटरपर्यंत अर्थची तार फेजएवढ्याच जाडीची घ्यायची, म्हणजे गिझरला ४ ची फेज तर ४ चीच हिरवी. सॉकेटच्या अर्थपासून डीबीच्या बारपर्यंतचा रोध एक ओहमच्या आत यावा. बाथरूममध्ये लोखंडी नळ उरले असतील तर तेही हिरव्या तारेने अर्थ बारला जोडा, म्हणजे गिझर, नळ आणि बाकीचं लोखंड एकाच पातळीवर राहील. नळ खड्ड्याच्या जागी वापरायचा नाही, पण खड्ड्याला जोडायचा जरूर. गिझरला दोन्ही तारा तोडणारा डीपी स्विच लावून घ्या.

आता खड्डा. प्लेट की पाइप? बैठ्या घराला मी पाइप किंवा तांबं चढवलेला रॉड सुचवेन. जाडीपेक्षा लांबी महत्त्वाची आहे. त्याच मातीत पाइपची जाडी दुप्पट केली तर रोध जेमतेम १२-१३ टक्के उतरतो, लांबी अडीचवरून पाच मीटर केली तर १८ चा १० होतो. म्हणून ‘केमिकल अर्थिंग’च्या नावाखाली जाडजूड, चकचकीत, आखूड पाइपाला जास्त पैसे देऊ नका. आत काय भरलंय यापेक्षा तो किती ओल्या थरापर्यंत पोचतो ते विचारा. साताऱ्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि मग कातळ. दोन-तीन फुटांवर पहार खणखणली तर खोल जाण्याचा हट्ट सोडा. अंगणातून अर्ध्या मीटर खोलीचा चर काढून त्यात २५ बाय ४ मिलिमीटरची जीआय पट्टी पंधरा-वीस मीटर आडवी पुरा. कोकणातल्या जांभ्यातही हेच जास्त उपयोगी पडतं. एकाच्या जागी दोन पाइप घेतले तर त्यांच्यात लांबीच्या दुप्पट, म्हणजे पाच मीटर अंतर हवं. जवळजवळ ठोकलेले दोन पाइप एकाचंच काम करतात. घराच्या भिंतीपासून दीड मीटर लांब राहा. न्हाणीचं किंवा बागेचं पाणी मुरतं ती बाजू उत्तम.

मीठ आणि कोळसा चालतो. मिठाने रोध उतरतो, पण ते पावसाबरोबर वाहून जातं आणि जीआयला खातंही. जवळ आंब्याचं-नारळाचं झाड असेल तर मीठ टाळाच. बेंटोनाइट मातीचं पोतं मिळालं तर ते भरा, ओल धरून ठेवतं. वर झाकण ठेवा, नट-बोल्ट डोळ्यांना दिसले पाहिजेत. तार वळसा घालून पिळू नका, तारेच्या टोकाला थिंबल (धातूचा डोळा) दाबून बोल्टने आवळा आणि वर ग्रीस फासा. घराला आरसीसीबी असेल तर मला दहा ओहमच्या आत आकडा आवडतो, वीसही चालतो. त्यापुढे एक ओहमसाठी धडपडण्यात अर्थ नाही. तेच पैसे हिरव्या तारेत घाला.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या, टेस्ट रिपोर्टवर त्याची सही आणि मोजलेले आकडे दोन्ही हवेत. आकड्यांच्या जागी ‘ओके’ लिहिलं असेल तर परत करा. खांबाकडून मीटरपर्यंत येणारी, सीलमधली कोणतीही तार त्याने किंवा तुम्ही हलवायची नाही. सर्व्हिस वायरचा न्यूट्रल सैल वाटला, दिवे मधूनच फार तेज-मंद होत असले, तर महावितरणकडे लेखी तक्रार द्या. ग्राहकाच्या जागेत वापरण्याजोगं अर्थ टर्मिनल देणं हीसुद्धा नियमाने वीज पुरवणाऱ्याची जबाबदारी आहे, तेव्हा त्याच अर्जात तेही मागा. तरी स्वतःचा खड्डा ठेवाच.

खड्डा पावसाळ्यात मोजला तर आकडा छान येईल आणि फसवेल. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपपासून सुटते, रोध दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून मोजणी मेमध्ये, पाऊस पडायच्या आधी करून घ्या, आणि आकडा तारखेसह डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवायला सांगा. पुढच्या मेमध्ये त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहायचा. तो एकदम चढलेला दिसला तर आधी तो गंजका जॉइंट उकरून बघा, मग मातीला पाणी घाला.